तुकड्यांचं काय केलं

नावं आम्हाला ठाऊकच नव्हती.
मिशन हॉस्पिटलातला गोरा डॉक्टर मायदेशी परतला
तेव्हा खोकंभर कॅसेटी शमुवेलला देऊन गेला.
वर नुसते आकडे,
वॉर्डातल्या खाटांना असतात तसे.

मग आम्हीच बारसं केलं.
एक खोकल्या : प्रत्येक गाण्याआधी घसा साफ करणारा.
एक पायठोक्या : लाकडी फळीवर टाच आपटत गाणारा.
एक बाई होती, तिला सगळे मावशी म्हणायचे,
आवाज असा की सांगलीच्या यार्डात
हळदीचा अख्खा सौदा तिनं एकटीनं पुकारावा.
आणि जिनदत्तचा लाडका, ड्रमच्या धुरळ्यातून वर येणारा,
दांडगा.

दर गुरुवारी, मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
दस्तगीरच्या दुकानात रंध्याच्या भुशावर गोणपाट टाकून.

रात्रपाळीला जाण्याआधी रूथ तासभर थांबायची,
शमुवेलची बहीण. तिला इंग्रजी कळायचं.
"काय म्हणतोय खोकल्या?"
"बाई सोडून गेली म्हणतोय."
"मागच्या गुरुवारी पण गेलती."
"तीच. परत गेली."

दस्तगीरला शब्दांशी देणंघेणं नव्हतं.
डोळे मिटलेले, बोटांना लाखेचा वास,
म्हणायचा, दाबत नाही, ओढतोय तार,
मींड आहे ही, कुणी शिकवली याला?
पायठोक्यासाठी तो भांडायचा
जशी माणसं घराण्यासाठी भांडतात.
टाच थांबते ना, तिथं ऐका,
त्या गप्प जागेत काय ठेवतो बघा.
मी म्हणायचो, मावशीपुढं सगळे पोरसवदा.
शमुवेल कुणाचीच बाजू घेत नसे.
पेन्सिल घालून रीळ आवळत बसे.

दांडग्याच्या कॅसेटीच्या शेवटी एक मोठा आवाज होता.
कडाड, मग कर्कश शिट्टी, मग लोकांचा गलका.
आम्हाला वाटायचं टेप खराब आहे.
जिनदत्त दर वेळी स्पिरिटनं हेड पुसायचा.

मग त्यानंच पुण्याहून एक जुनं मासिक आणलं.
फोटोत दांडगा, घामाघूम,
दोन्ही हातांत गिटार, कुऱ्हाडीसारखी,
आणि तिचं पोट फुटलेलं.
टेप खराब नव्हती.

दस्तगीरनं फोटो पाहिला.
त्याच्या मागं भिंतीला भोपळे टांगलेले,
मंगळवेढ्याकडून आणलेले, दोन-दोन वर्षं वाळत ठेवलेले,
एकाचीही अजून सतार न झालेली.
बोलला काहीच नाही.
उठला, प्लग काढला.

पुढले तीन गुरुवार शटर अर्धं खाली.
जिनदत्त म्हणाला, अरे, त्यांच्याकडं पैसा असतो,
दुसरी घेतात.
हे वाक्य मी दस्तगीरपर्यंत जाऊ दिलं नाही.

चौथ्या गुरुवारी तो शमुवेलच्या दारात उभा,
सायकल हातातच.
"त्या तुकड्यांचं काय केलं त्यानं?"
कुणालाच माहीत नव्हतं.
रूथनं मासिक दोनदा वाचून काढलं. त्यात नव्हतं.
"दांडी शाबूत दिसतीय," तो म्हणाला,
"नुसतं पोट गेलंय.
सरस आणि आठ दिवस…"
आणि घंटी उगाच एकदा वाजवली.

आता माझा नातू टेपपुढं फोन धरतो,
तीन सेकंदांत नाव येतं, गाव येतं, मेल्याची तारीख येते.
खोकल्याचं खरं नाव वाचलं
आणि चुकून परक्याच्या घरात शिरल्यागत झालं.
पटकन बाहेर आलो.
मावशीचं बघू दिलं नाही त्याला.

दस्तगीरला हल्ली ऐकू येत नाही,
डाव्या कानानं तर मुळीच.
दुकान मुलगा बघतो.
पण तुणीच्या फळ्या ठेवतात त्या कोपऱ्यात
खिळ्याला तो फोटो अजून आहे, पिवळा पडलेला,
आणि त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं
तडा कुठून कुठं गेला त्याची रेघ,
चार ठिकाणी फुल्या,
बाजूला बारीक अक्षरात :
इथं सुतळी आवळायची.